वाल्मीकरावांची तापट गाडी

वाल्मीक रौंदळ यांच्या गाडीची गॅस्केट पहिल्यांदा गेली, तेव्हा गाडीत गॅस्केट नावाची वस्तू असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या वस्तूचं आपण आयुष्यात कधी नावही घेतलं नाही, ती आपल्याला भर दुपारी दिंडोरीजवळ रस्त्याच्या कडेला उभं करू शकते, याचा त्यांना अपमान वाटला. बॉनेटमधून वाफ येत होती, मागच्या नळीतून पांढरा धूर येत होता, आणि मागच्या सीटवर गावाकडून दिलेल्या मेथीच्या जुड्या, अर्धी गोणी कांदे आणि वालपापडीची पिशवी होती. एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "काका, आत काय शिजायला ठेवलंय?" वाल्मीकराव मेथीच्या जुड्या सावलीला सरकवू लागले. पाटबंधारे खात्यात लिपिक म्हणून केस पांढरे केलेल्या माणसाला, कुठल्या अर्जाला उत्तर द्यायचं आणि कुठला तसाच ठेवून द्यायचा, हे बरोबर समजतं.

गाडी त्यांनी हौसेसाठी घेतली नव्हती. नाशिकला इंदिरानगरात दोन खोल्यांचा फ्लॅट, ऑफिस स्कूटरच्या टप्प्यात, बायको स्नेहल जवळच्याच शाळेत शिक्षिका. गाडीवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते झुंबरनानांचं. नाना म्हणजे वाल्मीकरावांचे वडील. कळवणच्या पलीकडे मळ्यात राहतात. आई गेल्यापासून एकटे. जमीन गावातल्या संतोष नावाच्या पोराला वाट्याने कसायला दिलेली, बैल विकलेले, जुना ट्रॅक्टर त्याच्याही आधी विकलेला. स्नेहलचं म्हणणं होतं की नानांनी आता नाशिकला यावं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ऐंशीच्या घरातला माणूस विहिरीच्या काठाने एकटा फिरतो, फोन उचलत नाही, हे डोळ्यांसमोर आलं की वर्गात शिकवताना तिचा खडू थांबायचा.

नाना एकदा येऊन राहूनही गेले होते. गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोरच्या इमारतीतली माणसं दारं बंद करून आत काय करतात, हे त्यांनी सुनेला दोन-तीनदा विचारलं. नळाला बोटभर पाणी आलं तरी भांडं घेऊन उभे राहायचे, आणि भांडं भरलं की दुसरं नाही म्हणून हिरमुसायचे. आठवडा संपायच्या आत म्हणाले, "हितं समदं हाय, पोरी. फक्त मला काम नाय." आणि पिशवी उचलून स्टँडवर गेले.

तेव्हा नवरा-बायकोत तह झाला. नाना मळ्यातच राहतील, पण एकाआड एक रविवारी वाल्मीकराव जाऊन त्यांना बघून येतील. एसटी, मग जीप, मग पायी, यात दिवस जायचा. म्हणून गाडी. देवळाली कॅम्पातल्या एका सुभेदाराची बदली झाली होती, त्याची चंदेरी डिझेल गाडी मिळाली. लष्करातल्या माणसाच्या हाताखालची गाडी म्हणजे शिस्तीची असणार, असा वाल्मीकरावांचा हिशेब. पुढे गाडी तापू लागल्यावर त्यांनी सुभेदाराला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "हमारे पास तो कभी गरम नहीं हुई, साब. आप कुछ बोले होंगे उसको."

पहिल्या वेळी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे गारगार खोलीत बसवून यंत्रातली कॉफी दिली. एका हसतमुख मुलीने दर वाक्याला दोनदा 'सर' म्हणत खर्चाचा अंदाज सांगितला. वाल्मीकरावांनी चष्मा पुसून तो कागद पुन्हा वाचला, पण आकडा तोच राहिला. कॉफी फुकट का देतात, हे त्यांना तेव्हा उमगलं. स्नेहलने घरी एवढंच म्हटलं, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." शिक्षिका असल्यामुळे ती म्हण फळ्यावर लिहिल्यासारखी स्पष्ट म्हणते.

बातमी इमारतीत पसरली. समोरच्या फ्लॅटमधला अमोल स्वतः विजेच्या स्कूटरवर फिरतो, त्यामुळे डिझेल इंजिनाबद्दल त्याची मतं अगदी निर्भेळ आहेत. मोबाईलवर एक परदेशी माणूस इंजिन उघडतो, ते त्याने वाल्मीकरावांना जिन्यात उभं करून दाखवलं. तळमजल्याच्या लताबाईंनी निदान एका शब्दात केलं: नजर. गाडी आणली तेव्हा पेढे कुणाकुणाला वाटले, हे त्यांनी विचारून घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या एका घराकडे भुवईने खूण केली. दुसऱ्या दिवशी गाडीला लिंबू-मिरची लागली. वाल्मीकरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्यांनी ती काढलीही नाही. खर्च झालेला नव्हता.

दुसऱ्यांदा गॅस्केट गेली ती गावाहून परतताना, नांदुरीजवळच्या चढावर. सप्तशृंगी गडाचा पायथा, त्यामुळे येणारे-जाणारे भाविक भरपूर. प्रत्येकजण थांबला, बॉनेटमध्ये डोकावला आणि श्रद्धेने बोलला. एक गृहस्थ म्हणाले, "दर्शन न घेता पुढं जाताय ना? म्हणून." वाल्मीकरावांनी सांगितलं की ते दर पंधरा दिवसांनी याच रस्त्याने जातात. "मग दर पंधरा दिवसांनी चुकताय," गृहस्थ म्हणाले. शेवटी टोमॅटो घेऊन नाशिकला निघालेल्या पिकअपने दोर बांधून गाडी ओढली. मागे बसून स्टिअरिंग धरताना समोर क्रेटच्या भिंतीतून टोमॅटो आपल्याकडेच बघतायत असं वाल्मीकरावांना वाटत होतं.

या वेळी गाडी मुंबई नाक्यामागच्या योगेशच्या गॅरेजात गेली. योगेश बोलका. त्याने काळ्या हाताने हवेत आकृती काढून समजावलं, "साहेब, वर हेड, खाली ब्लॉक. दोघं लोखंडी डोक्याचे. मधे ही पातळ गॅस्केट. पाणी पाण्याच्या जागी ठेवायचं, तेल तेलाच्या जागी, हे तिचं काम. वरचा तापला की वाकडा होतो, खालचा हलत नाही, मग मरते कोण? मधली." मळ्यातून न हलणारा बाप आणि फोन उचलला नाही की तापणारी बायको, यांच्यामध्ये इतकी वर्षं आपण नक्की काय करत आलो, याला एवढा नेमका शब्द असेल असं वाल्मीकरावांना वाटलं नव्हतं. "दुसरी टाकली की झालं," योगेश म्हणाला. माणसाच्या बाबतीत तीही सोय नाही.

योगेशने इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅटही बदलला. तोच गुन्हेगार असल्याचं त्याने छातीठोक सांगितलं. वाल्मीकरावांनी विम्याच्या ऑफिसात चक्कर मारली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "गाडी कशाला धडकली?"

"कशालाच नाही."

"हिला कोणी धडकलं?"

"नाही हो. आतल्या आत झालं."

त्या माणसाने पेन ठेवलं. "आतल्या आत जे होतं, त्याची भरपाई आम्ही देत नाही." हे वाक्य तो दिवसातून किती जणांना म्हणत असेल कुणास ठाऊक, पण वाल्मीकराव ते मनात घेऊन पायऱ्या उतरले. सोसायटीनेही याच सुमारास त्यांना लेखी कळवलं की त्यांच्या गाडीखाली तेलाचा डाग पडला असून तो सामाईक जागेत पडला आहे, तरी योग्य ती कार्यवाही करावी. स्वतः आयुष्यभर लोकांना 'योग्य ती कार्यवाही करावी' असं लिहीत आलेल्या माणसाला, त्याचा अर्थ काय हे पहिल्यांदाच शोधावं लागलं. त्यांनी बादली-ब्रश घेऊन डाग घासला. डाग वाढला.

तिसऱ्यांदा गाडीने दम तोडला तो सोमवारी सकाळी, नाशिकात शिरताना दिंडोरी नाक्यावर, ऑफिस भरायच्या वेळेला. आदल्या दिवशी नानांनी "रातच्याला नको जाऊ, पहाटं निघ" म्हणून ठेवून घेतलं होतं. मागे हॉर्नची रांग लागली. वाल्मीकराव ढकलायला माणूस शोधत असतानाच गाड्या उचलणारी क्रेन आली आणि गाडी उचलू लागली. बाकीचे लोक अशा वेळी हातापाया पडतात. वाल्मीकराव क्रेनवाल्याला म्हणाले, "भाऊ, नेताच आहात तर मुंबई नाक्यामागे सोडाल का?" क्रेनवाल्याने असा गुन्हेगार पाहिला नव्हता. तो म्हणाला, "काका, ही काय लिफ्ट हाय?" ऑफिसात उशिरा पोचल्यावर साहेबांनी त्यांचा अर्ज वाचला आणि म्हणाले, "रौंदळ, मागच्या वेळीही गॅस्केटच होती. कारण तरी बदला."

स्नेहल त्या संध्याकाळी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. पोळ्या लाटता लाटता ती शांतपणे म्हणाली, "अजून एकदा ही गॅस्केट गेली, की गाडी भंगारात जाईल आणि नाना इथे येतील. मला ह्या रस्त्याची भीती वाटायला लागलीय. तिकडे ते एकटे, इकडे तुम्ही कुठल्या तरी चढावर. मी कुणाकुणाच्या फोनची वाट बघू?" लाटणं पोळीवरच थांबलं. वाल्मीकरावांना मात्र ती गॅलरीतली खुर्ची दिसली आणि भांडं घेऊन उभे राहिलेले नाना दिसले. नाना आले तर फार दिवस राहायचे नाहीत, आणि परतही जायचे नाहीत, हे त्यांना पक्कं कळत होतं.

गाडी उघडल्यावर योगेशने त्यांना बोलावून घेतलं. या वेळी तो हातवारे करत नव्हता. "साहेब, एक विचारतो, राग मानू नका. रेडिएटरमध्ये मी इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट भरून दिलं होतं. यात साधं पाणी आहे. तेही जड, सगळीकडे पांढरं साचलंय. काटकसर करायची तर दुसरीकडे करावी."

"मी बॉनेट उघडलेलंसुद्धा नाही," वाल्मीकराव म्हणाले. "तुम्ही भरलंच नसेल."

दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते, त्यामुळे भांडण बराच वेळ चाललं. अमोलला हे कळलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. कूलंट चोरणारी टोळी! सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहण्यासाठी अर्ज केला, अर्जाला सचिवांची सही, सचिव शिर्डीला, मग अध्यक्षांची तोंडी परवानगी, मग ती लेखी घेऊन या, असं सगळं रीतसर होऊन दोघं एका शनिवारी चित्रण बघत बसले. चोर आला नाही. आल्या त्या लताबाई, अंघोळ करून, गाडीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायला. त्यांच्या पाठोपाठ स्वतः अमोल येऊन गाडीच्या चाकाला लाथ मारून हवा तपासून गेला. आपण इतक्या लोकांच्या मनात आहोत, हे पाहून वाल्मीकरावांना जरा बरं वाटलं, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढंच त्यातून निघालं.

पुढच्या रविवारी नवी गॅस्केट, नवं कूलंट घालून वाल्मीकराव मळ्यात पोचले. ते पोचले की नेहमी एकच क्रम असायचा. नाना हाताने दाखवत गाडी मागच्या गोठ्यात, बैल बांधायचे त्याच जागी उभी करून घ्यायचे. मग म्हणायचे, "तू हातपाय धू. चहा ठेवलाय. जरा पड." वाल्मीकराव पडायचे. शहरात झोप न येणाऱ्या माणसाला वडिलांच्या बाजेवर पाठ टेकताच डुलकी लागते. त्या दिवशी मात्र चष्मा गाडीत राहिला म्हणून ते मागे गेले, आणि कांदे साठवायच्या चाळीच्या कोपऱ्यावरच थांबले.

बॉनेट उघडं होतं. नाना गाडीखाली हात घालून रेडिएटरची खालची चावी सोडत होते, अगदी सराईतपणे, जुन्या ट्रॅक्टरची सोडायचे तशी. वाफाळणारं हिरवं पाणी भळाभळा जमिनीवर पडत होतं. "बघ, पोटात किती घाण साचली," नाना गाडीला म्हणत होते. "हिरवंगार पडतंय. तिकडचं पाणीच वंगाळ." हिरवं संपल्यावर त्यांनी चावी बंद केली, भिजवलेलं गोणपाट झाकणावर टाकून ते हलकेच फिरवलं, वाफ जाऊ दिली, आणि विहिरीतून नुकती काढलेली गार पाण्याची कळशी सावकाश आत ओतली. तापलेल्या लोखंडातून चर्र असा आवाज आला. "पी, माय, पी. लांबून आली. माझ्या लेकाला घेऊन आली." मग बॉनेटवरून ओला हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

लांबून आलेल्याला आधी पाणी. माणूस असो, बैल असो, या घराची रीत हीच. पाहुण्याला तांब्या दिल्याशिवाय 'कुठून आलात' असं विचारायचंही नाही, हे वाल्मीकरावांना आईने शिकवलं होतं. गाडी तापून आली, ती रिकामी करून तिच्या पोटात बर्फासारखं पाणी ओतलं, की हेड वाकडं होणार आणि गॅस्केट मरणार, यात आता योगेशने समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीनदा गेलेली गॅस्केट, तो सगळा खर्च, ती क्रेन, साहेबांचा शेरा, सगळं त्या एका कळशीतून आलं होतं.

ते ओरडायला पुढे झाले होते. पण नानांचा चेहरा दिसला आणि पाय अडले. आई गेल्यापासून इतका फुललेला चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. शेत दुसऱ्याच्या हातात, गोठा रिकामा, घरात बोलायला कोणी नाही. एकाआड एक रविवारी या माणसाच्या दारात एक थकलेलं जनावर येतं आणि त्याला त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. तेवढं एकच काम उरलं होतं, आणि तेच चुकीचं होतं. हे कसं सांगायचं? वाल्मीकराव चष्मा न घेताच परत फिरले, चहा प्याले आणि बाजेवर डोळे मिटून जागे राहिले. त्या दिवशी ते इतक्या हळू परतले की नांदुरीला एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं. गॅस्केट वाचली.

सांगायचं नाही आणि गाडीही वाचवायची, यावर त्यांनी उपाय काढला. गार इंजिनात गार पाणी गेलं तर काही बिघडत नाही. म्हणून पुढच्या वेळेपासून ते गावाच्या फाट्यावर थांबू लागले. फाट्यावर निंबाखाली शकुबाईचं चहाचं दुकान. बॉनेट उघडून तासभर बसायचं, गाडी गार होऊ द्यायची, मग मळ्यात जायचं. परतताना गाव मागे पडलं की वळणावर थांबून विहिरीचं पाणी सोडून द्यायचं आणि डिकीतल्या कॅनमधलं हिरवं कूलंट भरायचं. बापाने काढायचं, लेकाने भरायचं. स्नेहलला त्यांनी एवढंच सांगितलं की चढ संपल्यावर गाडीला विश्रांती द्यावी असं योगेशचं मत आहे. योगेशची मतं इतकी होती की त्यात अजून एक खपून गेलं.

उघड्या बॉनेटजवळ स्वस्थ बसणं मात्र सोपं नव्हतं. बॉनेट उघडं दिसलं की या भागात माणूस पुढे जाऊच शकत नाही. शकुबाई सटाण्याकडची, बोलणं अहिराणी. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय भाऊ, गाडी खराब शे का?" नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारायच्या आधीच दोर बांधला. लग्नाला निघालेलं एक अख्खं वऱ्हाड धक्का मारायला उतरलं आणि गाडीला काही झालेलं नाही हे कळल्यावर नाराज होऊन परत बसलं. गावात चर्चा सुरू झाल्या. कोणी म्हणे वाल्मीक फाट्यावर जागा बघतोय, कोणी म्हणे निवडणुकीला उभा राहणार, म्हणून माणसं मोजतोय. वाल्मीकराव चहावर चहा पीत सगळं सोसत राहिले. इभ्रतीचं जे काही उरलं होतं तेही त्या निंबाखाली गेलं, पण गॅस्केट टिकली.

आणि नाना खूश होते. "आता कशी गार येती बघ," ते गाडीच्या नाकाडावर थापटी मारून म्हणायचे. "आधी पार फणफणून यायची. माझ्या पाण्यानं गुण आला." वाल्मीकराव म्हणायचे, "हो ना." असे कितीतरी रविवार गेले. स्नेहलने भंगाराचा विषय काढणं बंद केलं. आपण एक मोठी गोष्ट कुणालाही न दुखवता निभावली, असा वाल्मीकरावांना मनातून अभिमान वाटायला लागला होता.

मग शाळेला सुट्टी लागली आणि एका रविवारी स्नेहलही बरोबर आली. फाट्यावर दोघांनी तासभर काढला, चहा घेतला आणि मळ्यात पोचले. नाना बाहेर आले नाहीत. गाडी वाल्मीकरावांनीच गोठ्यात लावली. कळशी पालथी होती, गोणपाट कोरडं. नाना ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. सुनेला "ये पोरी" म्हणाले, लेकाकडे पाहिलं नाही.

"बरं नाही का, नाना?" स्नेहलने विचारलं.

"मला काय धाड भरलीय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "शकुबाई हळदीला आली व्हती गावात. सांगत व्हती, तुमचा वाल्मीक दर टायमाला माझ्याकडं तासभर बसतो, मंग जातो. म्या म्हनलं, दुसरा कोन असंल. तर म्हनली, नाय, तोच. चंदेरी गाडी." ते जमिनीकडे बघत राहिले. "जड पडतं ना तुला यायला? बळंच यायचं, तर जेवढा येळ भाईर जाईल तेवढा बरा, आसंच ना? आरं, मंग नको येत जाऊ. मीच येतो नाशिकला. त्या ग्यालरीत बसतो. तुमाला हेलपाटा नाय."

स्नेहलला जे हवं होतं ते असं, न मागता, ओट्यावर येऊन पडलं होतं. पण तिने ते उचललं नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

ज्या माणसाचं मन राखायला वाल्मीकरावांनी इतके रविवार निंबाखाली घातले, त्याचं मन त्या निंबाखालीच मोडलं होतं. आता दोनच वाटा होत्या, आणि दोन्हींकडे नानांना लागणारच होतं. ते वडिलांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. हिरवं पाणी म्हणजे घाण नव्हे, औषध. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड वाकतं. दिंडोरी, नांदुरी, दिंडोरी नाका. चाळीच्या कोपऱ्यावरून काय पाहिलं, ते. फाटा कशासाठी, ते. वळणावरचा कॅनसुद्धा. सांगताना आवाज ऑफिसातल्यासारखा सपाट ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता, तो साधला नाही.

आतून कोंबडी आली, तिला हुसकायचंही नानांना सुचलं नाही.

"म्हंजे तिन्ही येळा म्याच मोडली," ते शेवटी म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं, नाना."

"तुला तर व्हतं. अन् तू गप बसला."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अन् लेक फाट्यावर येऊन बसतो आन घरी येत नाय, हे ऐकून काय गोड वाटलं व्हय रं मला?" नानांचा आवाज चढला, मग एकदम उतरला. डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "गाडीचं काय सांगतो मला? एका शब्दानं बोलला असता, तर तिला बोट लावलं नसतं. पानी नाय पाजलं तर नाय पाजलं, चाकं धुतली असती. गाडीला पुन्यांदा गॅस्केट घालता येती. त्यो तास माझा व्हता, वाल्मीक. तू त्यो शकुबाईला दिला."

इतके महिने वाल्मीकरावांनी गाडीचा विचार केला होता, नानांच्या मानाचा केला होता, स्वतःच्या शहाणपणाचाही केला होता. पंधरा दिवसांनी एकदा येणाऱ्या लेकाचा एक तास म्हणजे नानांच्या लेखी काय, हा विचार राहूनच गेला होता.

"चुकलो, नाना," ते म्हणाले. "आज तासभर उशिरा निघतो आम्ही."

"आजचा एकच व्हय?" नानांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "पोळ्याच्या आधीपास्नं बसतोय म्हने तू तिथं." आणि ते बोटांवर रविवार मोजायला लागले, नीट, अंगठ्याने एकेक पेर दाबत. एक हात संपला. त्यांनी दुसरा हात पुढे घेतला, तेव्हा स्नेहल उठली, नवऱ्याच्या खिशातून गाडीची चावी काढून घेतली, आत जाऊन ती खुंटीला अडकवली आणि चुलीवर रात्रीच्या भाकरीसाठी आधण ठेवलं.